चालींचे ऋण

भाषा कळण्याआधी गाणे कळते, हे विधान वरवर पाहता भावुक वाटेल. परंतु मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात त्याला लेखी पुरावा आहे. आमचा पेशा वकिलीचा, म्हणून लेखी पुराव्याचे आम्हांस अगत्य. हा पुरावा जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत आढळतो. पदाच्या माथ्यावर तेथे ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे, ज्या गाण्यावरून ते पद बांधले, त्याचे आरंभीचे शब्द. ते कधी लावणीचे असतात, कधी हिंदुस्थानी ठुमरीचे, तर कधी चक्क कानडी पदाचे. नाटककाराने कोणाकडून काय घेतले, याची ही जाहीर कबुलीच होय.

या घेण्याला आरंभापासूनची परंपरा आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. त्याच वर्षी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. कानडी मुलखात वाढलेल्या या मराठी माणसाच्या कानांत दोन्ही भाषांची गाणी होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’. कीर्तनातील साकी-दिंडीच्या जोडीला त्यांत कर्नाटकी चाली येऊन बसल्या. कानडीचा गंधही नसलेला प्रेक्षक त्या चाली आपल्याच समजून गुणगुणू लागला.

पुढे उत्तरेचे दार उघडले. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, तेव्हा पूरबी ठुमरीचा लडिवाळपणा मराठी शब्दांत उतरला. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९२० साली, बडोद्यास प्रथम झाले. त्यातील विठ्ठल सीताराम गुर्जर यांच्या पदांना पुण्याच्या सुंदराबाईंकडून गझल-कजरीच्या ढंगाच्या चाली मिळाल्या. सिंधूचा आक्रोश ऐकून डोळे पुसणाऱ्या किती जणांस ठाऊक होते की, हे सूर परभाषेच्या घरून आले आहेत? ठाऊक असते, तरी अश्रू थांबले नसते.

गोमंतकाची कथा याहून बोलकी. घरी कोंकणी बोलणारी मंडळी देवळाच्या उत्सवात मंडपाखाली मराठी नाटके करीत आली, मराठी पदे गात आली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर याच मातीतले. १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीतून त्यांनी पंजाबी ढंगाची तडफदार गायकी मराठी श्रोत्यांच्या पुढे ठेवली.

आणि व्यवहार एकतर्फी राहिला नाही. धारवाडकडील कुंदगोळचे रामभाऊ मूळचे कानडी भाषिक. मराठी रंगभूमीने त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हणून मिरवले. त्यांचे शिष्य, गदगकडचे भीमसेन जोशी, यांनी तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदे एकाच कंठाने गाइली. विठ्ठलापुढे दोन्ही सारखीच रुजू झाली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागात भाषा हा वादाचा विषय झाला. २००४ साली तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आमचा हक्क सोडावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हक्काची भाषा आम्हीच रोज बोलतो. परंतु शेजाऱ्याच्या भाषेविषयी मनात अढी धरून आपलेच नाट्यपद गाणारा माणूस स्वतःच्याच दस्तऐवजाविरुद्ध साक्ष देत असतो, एवढे मात्र आम्हांस म्हणावेसे वाटते.

मुदतीच्या कायद्यात एक सुंदर तरतूद आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी ऋण कबूल केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. ‘चाल’ हा शब्द म्हणजे आमच्या पूर्वसूरींची तशीच कबुली. उत्सवाच्या गायनात कवीचे व गायकाचे नाव आपण आदराने घेतो; त्याबरोबर चालीचे मूळही सांगण्याचा प्रघात पडावा. मग तरुण श्रोता एखादे दिवशी ते मूळ कानडी पद वा ती ठुमरी शोधून ऐकेल. अर्थ कळायला वेळ लागेल. आनंदाला तेवढा वेळ लागणार नाही.