गोव्याची पहिली सेमिनरी आणि मायबोली

प्रत्येक धर्मप्रांताने धर्मगुरू घडविण्यासाठी सेमिनरी स्थापावी, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरविले. परंतु ज्ञातिबांधवांनी ध्यानी घ्यावे की, तत्पूर्वी २२ वर्षे, म्हणजे १५४१ साली, व्हिकार जनरल मिगेल व्हाझ व फादर दियोगु द बोर्बा यांच्या प्रयत्नाने गोव्यात एतद्देशीय मुलांसाठी 'सांता फे' सेमिनरी निघाली होती. १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले. पुढे ही संस्था येशूसंघाकडे जाऊन सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आली. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली येथेच सुरू झाला.

तेथे नाना देशींची, नाना भाषांची मुले एकत्र राहत. त्यांनी लॅटिन शिकावे, पण स्वभाषा विसरू नये, असा संस्थापकांचा कटाक्ष होता. कारण त्यांना परत आपल्याच लोकांत धर्मोपदेश करावयाचा होता. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढिले, तेव्हा ही दृष्टी लोपली होती.

आज जुन्या गोव्यात त्या कॉलेजच्या देवळाची केवळ दर्शनी कमान उरली आहे. आपली लेकरे इंग्रजी शिकतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु आजीशी दोन शब्द मायबोलीत बोलता येऊ नयेत, हे बरे नव्हे. देऊळ पडले तरी तो मूळ नियम प्रत्येक घराने पाळावा, एवढीच आमची विनंती.