पंडित सर नागपूरला गेले तेव्हा

आजचा भाग एका प्रश्नावर: टीमचा कोच नेमका कधी बदलायचा?

उत्तर शोधायला थेट जानेवारी २०१७ मध्ये जाऊ. इंदूरला रणजी ट्रॉफीची फायनल. ४१ वेळा जिंकलेली मुंबई गुजरातकडून हरली. मुंबईचे कोच होते चंद्रकांत पंडित. आदल्याच मोसमात त्यांनी ट्रॉफी आणून दिली होती, शिवाय २००२-०३ आणि २००३-०४ सालच्याही. तरीही मुंबईने पुढच्या मोसमासाठी समीर दिघेंना नेमलं. एक फायनल हरली आणि खुर्ची गेली.

इकडे विदर्भाने डाव साधला. मोसम सुरू व्हायच्या आधीच पंडित सरांना नागपूरला आणलं. विदर्भाने तोवर रणजी एकदाही जिंकली नव्हती. लोकांना वाटतं की सर आले आणि जादू झाली. तसं नाहीये. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी सलग दोन वर्षं विदर्भ क्वार्टर फायनलपर्यंत पोचला होता. वसीम जाफर आणि गणेश सतीश बाहेरून येऊन आधीच टीममध्ये होते. फैज फजल कॅप्टन, उमेश यादव घरचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कोड तयार होता, रिलीज करणारा हवा होता.

पुढे काय झालं बघा. त्याच मोसमात मुंबई क्वार्टर फायनलला कर्नाटककडून डावाने हरली, तेही नागपुरात! आणि त्याच कर्नाटकला विदर्भाने सेमीफायनलमध्ये फक्त ५ धावांनी हरवलं. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने ७ विकेट काढल्या. हा गडी सिव्हिल इंजिनिअर आहे बरं का! फायनलला दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झाला. पुढच्या वर्षी पुन्हा.

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशने हाच डाव टाकला. इथे एक जुना हिशेब होता. १९९८-९९ च्या फायनलला पंडित स्वतः मध्य प्रदेशचे कॅप्टन होते आणि पहिल्या डावात आघाडी घेऊनही बंगळुरूत हरले होते. कोविडमुळे २०२०-२१ ची रणजी झालीच नाही, म्हणजे टीम घडवायला जास्तीचा वेळ मिळाला. जून २०२२, तेच चिन्नास्वामी स्टेडियम, समोर मुंबई. मध्य प्रदेश ६ विकेटने जिंकलं.

मग धडा काय? मोठं नाव आणा, एवढाच? नाही. २०२४-२५ ला विदर्भाने तिसरी ट्रॉफी जिंकली तेव्हा कोच होते उस्मान घनी, घरचेच. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ विकेट काढून रणजीचा विक्रम केला. म्हणजे पंडित सर गेल्यावरही गाडी थांबली नाही. माझ्या मते खरी स्ट्रॅटेजी हीच: पाया आधी घाला, योग्य माणूस रिकामा होताच उचला, आणि तो गेल्यावर टिकेल असं काहीतरी मागे उरू द्या.

आता आपल्या दारातलं बोलू. आमचं लिंबागणेश बीड जिल्ह्यात, म्हणजे क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र संघात. दि. ब. देवधरांच्या काळात, १९३९-४० आणि १९४०-४१ ला, महाराष्ट्राने लागोपाठ रणजी जिंकली. त्यानंतर एकदाही नाही. २०१३-१४ ला फायनल गाठली, तिथे कर्नाटक आडवा आला. मराठवाड्यातल्या पोरांना वरच्या टीमपर्यंत नेणारा रस्ता धड नसेल, तर पुण्यात कितीही भारी कोच बसवा, तो एकटा काय करणार? विदर्भाने आधी रस्ता केला, मग ड्रायव्हर शोधला. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

तुम्हाला काय वाटतं? आधी कोच की आधी पाया? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!