सायकलचा बिल्ला

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना सर्वांना आठवतो. पावर हाउस हे नाव मात्र तिथे काही वर्षे काढलेल्यांनाच ओळखीचे असते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे एक लहान स्थानक. त्याला लागून मोठी बाजारपेठ आणि जवळून जाणारा जी. ई. रोड, म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड. रुळांच्या एका अंगाला बाजार आणि कॅम्पची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला आखीवरेखीव सेक्टर आणि त्यांच्या पुढे कारखाना. माझे बालपण यांपैकीच एका सेक्टरात गेले.

सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला तो १९५५ साली. तेव्हा हा भाग ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे वऱ्हाड-नागपूरकडची पुष्कळ मराठी मंडळी नोकरीसाठी तिकडे गेली. माझे वडील त्यांपैकीच एक. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा ते गर्दीत सायकल हाताशी धरून उभे होते, असे ते नेहमी सांगत. सायकल कुठे लावावी हा प्रश्न होता. सोडून जावे तर ती परत मिळेल याची खात्री नव्हती. घरातील ती सर्वांत मौल्यवान वस्तू होती!

लहानपणी पाळी बदलण्याची वेळ आम्हाला घड्याळाशिवाय कळे. पहाटे सहाच्या पाळीसाठी साडेपाचपासूनच सायकलींचा प्रवाह सुरू होई. हँडलला डबा, पुढे डायनामोचा मिणमिणता दिवा, हिवाळ्यात डोक्याला मफलर. फिटर सायकलवर, फोरमन सायकलवर आणि नवा इंजिनिअरही सायकलवर. मोटार असे ती मोठ्या साहेबांची, तीही कंपनीची. कामाच्या जागी हुद्द्यांची उतरंड कडक होती. पण रस्त्यावर ती फारशी जाणवत नसे.

हे चित्र केवळ भिलाईचे नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीस वर्षांत भारतीय शहरांचे रोजचे वाहन सायकल हेच होते. आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. मोटारीचे उत्पादन परवान्यांच्या चौकटीत अडकलेले होते आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सरकारही आपल्या कर्मचाऱ्याला सायकल घेण्यासाठी अग्रिम रक्कम देई. कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सायकल अग्रिमाची वेगळी नोंदवही असे. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर २०१६ मध्ये हे अग्रिम बंद केले. टपाल खाते आणि रेल्वे यांतील काही कर्मचाऱ्यांचा सायकल भत्ता मात्र टिकला. २०१७ मध्ये तो महिना ९० रुपयांवरून १८० रुपये झाला. शासनाच्या कागदोपत्री उरलेल्या सायकलीच्या खुणा आता अशा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

एकेकाळी या खुणा जागोजागी होत्या, आणि त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे सायकलचा बिल्ला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील ५७ क्रमांकाची नोंद यांत्रिक असोत वा नसोत, रस्त्यावर चालणाऱ्या सर्व वाहनांवरील कराची आहे. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १२७ मध्ये वाहने, नावा आणि जनावरे यांवरील कर एका ओळीत सांगितलेला आहे. या अधिकाराखाली अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेत आणि पावतीबरोबर धातूचा छोटा बिल्ला देत. तो सायकलला अडकवायचा. वर्ष बदलले की नवा बिल्ला. नाक्यावर कारकून आणि शिपाई उभे राहून बिल्ला नसलेल्या सायकली अडवीत. बिल्ल्याची तपासणी, दिव्याची तपासणी आणि डबलसीटची तपासणी या तीन प्रसंगांची धास्ती त्या काळच्या प्रत्येक सायकलस्वाराने अनुभवली असेल.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. १९८४ च्या सुमारास विदर्भातील एका नगरपालिकेवर मी प्रशासक होतो. अंदाजपत्रक तपासताना सायकल कराच्या बाबीपाशी थांबलो. वसूल होणाऱ्या रकमेपेक्षा बिल्ले पाडून घेणे, पावतीपुस्तके छापणे आणि नाक्यावरचे कर्मचारी यांवरचा खर्च अधिक होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शिवाय अडवले जात ते मजूर, दूधवाले आणि शाळकरी पोरे. मी टिप्पणी लिहिली: कर रद्द करावा, कर्मचारी घरपट्टीच्या वसुलीकडे वर्ग करावेत, नोंदवह्या बंद कराव्यात. निर्णयाचे कौतुक झाले. गरिबाचा जाच वाचला, नगरपालिकेचा तोटा वाचला. आजही मला त्यातील पहिली दोन वाक्ये योग्यच वाटतात.

चूक तिसऱ्या वाक्यात होती. काही वर्षांनी त्याच जिल्ह्यात रस्तारुंदीकरणाच्या एका बैठकीला बसलो असता ती ध्यानात आली. समोर तक्ता होता. परिवहन कार्यालयाकडून आलेले नोंदणीचे आकडे सांगत होते की मोटारी इतक्या, स्कूटरी इतक्या, दरवर्षीची वाढ इतकी. मी विचारले, सायकली किती? उत्तर आले, आकडा उपलब्ध नाही. उपलब्ध कसा असणार? ज्या वहीत तो होता, ती मीच बंद केली होती.

येथे कायद्याची रचनाही समजून घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९३९ आणि त्याच्या जागी आलेला १९८८ चा अधिनियम या दोन्हींचा विषय नावाप्रमाणे मोटार वाहन हाच. मोटारीला नोंदणी आहे, क्रमांक आहे, कर आहे, म्हणून दरवर्षी वाढत जाणारा आकडाही आहे. सायकल नगरपालिकेच्या बिल्ल्यापुरती शासनाला ठाऊक होती. बिल्ला गेला आणि ती शासनाच्या दृष्टीने दिसेनाशी झाली. रस्त्यावर मात्र ती होतीच. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार २.५ टक्के कुटुंबांकडे. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ४४.८ आणि ४.७ टक्के झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल आढळली आणि मोटार जेमतेम आठ टक्के कुटुंबांकडे. आपल्या शहरांचे रस्ते पाहून हे प्रमाण कोणाला खरे वाटेल काय?

अभियंते सायकली मोजत नाहीत असे नाही. पण मोजण्याचे मापच मोटार आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १ एकक, सायकल ०.४ ते ०.५, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७ आणि सायकलरिक्षा १.५ ते २. कोणते वाहन मोटारींच्या प्रवाहात किती जागा अडवते, हे या मापातून कळते. किती माणसे कामावर पोहोचली, हे त्यातून कळत नाही. पन्नास माणसांची बस तीन मोटारींबरोबर बसते आणि दोन माणसांची सायकलरिक्षा एका मोटारीहून मोठा अडथळा ठरते. भौतिकशास्त्र म्हणून हे माप चुकीचे नाही. पण रस्ता कोणासाठी रुंद करायचा हे त्यावरून ठरू लागले की निर्णय आधीच झालेला असतो.

पुण्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या या शहरानेच पुढे सायकलीला पर्याय पुरवले. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक १९७२ साली आली. फिरोदियांच्या कायनेटिकची लूनाही त्याच वर्षी. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. लोकांनी सायकल सोडली याचा दोष मी लोकांना देणार नाही. माझ्या वडिलांनीही स्कूटर मिळाली त्या दिवशी पेढे वाटले होते. भिलाईच्या मे महिन्यात दुपारी दोनच्या पाळीला सायकल दामटणे म्हणजे काय, हे गृहपाठापुरते पर्यावरण शिकलेल्याला कळणार नाही. प्रश्न उरतो तो ज्यांना सायकल सोडता आली नाही त्यांचा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहने नव्हे, माणसे हलवायची आहेत असे स्पष्ट म्हटले. पुण्याने सायकलमार्ग बांधले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. तरीही मधेच संपणारे, वाहने उभी केलेले मार्ग पुणेकर रोज पाहतात.

ज्याची नोंद नाही, त्याची दखल बहुधा अडथळा म्हणूनच घेतली जाते. कोलकात्यात २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी घालण्यात आली. मोटारींचा वेग वाढावा हे कारण. खुद्द पावर हाउसचे नाव देशभर गाजले ते १ जुलै १९९२ रोजी. कंत्राटी कामगार आपल्या मागण्यांसाठी तेथील रुळांवर बसले, पोलीस गोळीबार झाला आणि अनेक कामगार मारले गेले. तो मोठा आणि वेगळा विषय आहे. पण प्रशासनात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून एक गोष्ट मला बोचते. ही माणसे वर्षानुवर्षे रोज त्याच रस्त्याने येत-जात होती. वाहतूक थांबली तेव्हा ती आम्हाला दिसली.

याउलट उदाहरण नेदरलँड्सचे. तेथेही १९५० नंतर मोटारीने सायकलला हटवले होते. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले. पालकांनी मुलांचा हा आकडा लावून धरला. १९७३ च्या तेलसंकटाची जोड मिळाली आणि धोरण बदलले. तेथील सायकलमार्ग परंपरेने नव्हे, या आकड्याने बांधले. आपल्याकडेही पुदुकोट्टईत १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेत सायकल आणली आणि हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली दिल्या. मुलींना सायकल देणारे प्रशासन तिला सुरक्षित रस्ता देण्याचा विचार का करीत नाही?

गेल्या हिवाळ्यात एका कार्यासाठी भिलाईला गेलो असता पहाटे पावर हाउसला चहा घेत उभा होतो. अजूनही सायकली येतात. पण सायकलस्वार बदलले आहेत. कायम नोकरीतील कामगार मोटारसायकलवर किंवा मोटारीत असतो. सायकलवर असतो तो ठेकेदाराचा मजूर. जॉनथन पॅरी या अभ्यासकाने भिलाईवर लिहिलेल्या २०२० च्या ग्रंथात कायम आणि कंत्राटी कामगारांमधील ही दरी सविस्तर दाखवली आहे. मला ती अंधारातच दिसली, कारण एकाही सायकलला दिवा नव्हता आणि बाजूने ट्रक जात होते. माझ्या वडिलांचा दिवा तपासायला निदान शिपाई तरी उभा असे.

बिल्ला परत आणावा असे मी म्हणत नाही. कर तर मुळीच नको. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये पादचारी आणि बिनमोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. त्याखाली एवढे तरी करता येईल: कोणत्याही रस्त्याचा वा उड्डाणपुलाचा प्रस्ताव मंजुरीस येताना त्यासोबत सायकलींची आणि माणसांची मोजणी जोडलेली असावी, आणि ती पाळी बदलण्याच्या वेळी केलेली असावी, सकाळी अकराला नव्हे. यासाठी निधी लागत नाही. तक्त्यात एक रकाना वाढवावा लागतो.

चहा संपेपर्यंत मी सायकली मोजत होतो. शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले. चाळीस वर्षांपूर्वी एक नोंदवही बंद केली होती, तिची भरपाई इतक्याने होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण जे तरुण अधिकारी आज माझ्या जागी आहेत, त्यांनी पुढची टिप्पणी लिहिण्यापूर्वी एकदा पहाटे साडेपाचला आपल्या शहरातील अशा एखाद्या पावर हाउसपाशी उभे राहावे.