ताम्रचित्रांतील इतिहास

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये सचित्र नगरवर्णनांची परंपरा बहरली. ओल्फर्ट डॅपर याचा अ‍ॅम्स्टरडॅम नगराचा इतिहास १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली होती. याच परंपरेत फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याचा पूर्वेकडील डच व्यापारप्रदेशांविषयीचा प्रचंड ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात निघाला.

आपल्या सीमाभागाला डच सर्वस्वी परके नव्हते. बेळगाव आदिलशाहीत होते, तेव्हाच घाटाखाली वेंगुर्ल्यास त्यांची वखार उभी राहिली होती. तथापि मराठी मनावर ऋण आहे ते व्हॅलेंटाइनच्या ग्रंथाचे. कारण त्यात शिवछत्रपतींचे एक चित्र छापलेले आहे. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ भलत्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून पूजिले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातील चित्र लोकांपुढे ठेवले आणि तो भ्रम दूर होऊ लागला.

दोनशे वर्षे हा ग्रंथ कोणीतरी सांभाळून ठेवला, म्हणूनच हे घडू शकले. ज्याला आज वाचक नाही, असा परभाषेतील ग्रंथही ग्रंथालयाने जपावयाचा असतो, तो याचसाठी.