अजिंठ्याचे विद्यार्थी

चोपड्याहून तापी ओलांडावी, जळगाव गाठावे आणि फर्दापूरची वाट धरावी, म्हणजे वाघूर नदीच्या काठी अजिंठ्याची लेणी लागतात. चोपड्यात आज ललित कला केंद्र आहे. तेथे वह्या रेखाटनांनी भरणाऱ्या मुलामुलींनी आपल्या वडीलधाऱ्या गुरुबंधूंची ही हकीकत अवश्य ऐकावी.

मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतेक जळाल्या. म्हणून १८७२ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत उतरले. त्यांत पेस्तनजी बोमनजी हा तरुण होता. काळोख्या भिंतींपुढे बसून, पुसट रेषा डोळ्यांनी शोधून ती त्यांनी कापडावर तैलरंगात उतरविली. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे चित्रे झाली. ती लंडनला गेली आणि दैवाचा खेळ पाहा, १८८५ सालीच तेथेही आग लागून त्यांतली बरीच नष्ट झाली!

मग त्या श्रमांचे फळ काय? उरलेल्या प्रतिकृतींत असे कितीतरी तपशील आहेत, जे मूळ भिंतीवर आता दिसत नाहीत. शिवाय पेस्तनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. कागद जळतो, कापड जळते. पण गिरवता गिरवता हाताला आलेले वळण मात्र कोणतीही आग हिरावून नेत नाही.