मोठा मासा आणि काचेचे माप: टाकीच्या आकाराचा इतिहास

मोठ्या माशासाठी टाकी किती मोठी असावी, हा प्रश्न आज प्राणिशास्त्राचा मानला जातो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याचे प्रत्यक्ष उत्तर बहुतेक वेळा काच ओतणाऱ्या कारखान्यांनी, लोखंडी चौकटी जोडणाऱ्या कारागिरांनी आणि दिवाणखान्यातील रिकाम्या भिंतीने दिलेले आहे, आणि माशाचा विचार त्या निर्णयात सर्वांत शेवटी झालेला आहे. या क्रमाचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी बालाघाट जिल्ह्याच्या परिसरापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण तेथे पाणी आणि मासा यांचे नाते काचेच्या कितीतरी आधी आणि अगदी उलट्या क्रमाने जुळलेले होते.

भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा अस्तित्वात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो व भंडारा हे एकाच प्रांतात नांदले. मलाजखंड, जे पुढे तांब्याच्या खाणीमुळे नावारूपाला आले, ते या जिल्ह्याच्या बैहरकडील पठारी भागात येते. त्या पठारावरची बंजर नदी उत्तरेकडे वाहत जाऊन मंडल्याजवळ नर्मदेला मिळते, तर घाटाखालचा मराठी बोलीचा वावर असलेला पट्टा वैनगंगेच्या खोऱ्यात मोडतो. त्या खोऱ्यात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची मोठी परंपरा आहे. पुढे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरण्याची जबाबदारी असलेले जमीनदार, या तलावांचे धनी झाले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे काहीसे विचित्र सरकारी नाव मिळाले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो आणि त्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे.

हे तलाव धानाच्या पाण्यासाठी बांधले गेले, माशांसाठी नव्हे. तरीही त्यांत रोहू, कटला, मरळ असे हातभर लांबीचे मासे वाढत आणि ढीवर समाज ते धरून उपजीविका करी. पाणी आधी होते आणि त्यात किती व केवढे मासे राहतील हे पाण्यानेच ठरवले, त्यामुळे ‘या माशाला जागा किती लागते’ असा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते.

मासे हौसेने पाहण्याची आणि त्यांना खाऊ घालण्याची प्रथाही या भूभागाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासेमारी करण्याची रीत यांचे वर्णन येते. राजा असूनही सोमेश्वराला आपल्या विनोदासाठी माशाच्याच पाण्याकडे जावे लागते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे देवीच्या नावाने राखलेल्या डोहात महसीर, म्हणजे मोठ्या खवल्यांचा व बलदंड बांध्याचा नदीतील मासा, आजही भाविकांच्या हातचे खाद्य खायला येतो. तेथेही मासा कोठे आणून ठेवलेला नाही, माणसांनी फक्त त्याच्या डोहातली मासेमारी वर्ज्य मानली आहे. याच कुळातील महसीर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे.

काचेच्या पेटीत मासा ठेवण्याचा इतिहास मात्र इंग्लंडमध्ये सुरू होतो, आणि त्याच्या मुळाशी जीवशास्त्राइतकाच कर आहे. काचेवरील जकात ब्रिटनमध्ये १८४५ साली रद्द झाली, काच स्वस्त झाली, आणि पाच वर्षांच्या आत रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने पाणवनस्पती, गोगलगाय आणि मासा यांचा मेळ घालून पाणी न बदलता टाकी टिकवून दाखवली. वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू मासा घेतो आणि माशाची विष्ठा वनस्पती वापरतात, या कल्पनेला ‘संतुलित मत्स्यालय’ म्हटले गेले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ‘मत्स्यगृह’ १८५३ मध्ये उघडले आणि पुढल्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने या छंदाची साथ पसरवली. संतुलनाची कल्पना लहान माशांपुरती कशीबशी चालली; मोठ्या माशाच्या बाबतीत ती फसली, कारण त्याच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचा, म्हणजे माशांच्या कल्ल्यांना जाळणाऱ्या विषारी वायूचा, बंदोबस्त चार पाणवनस्पतींच्या आवाक्याबाहेरचा होता.

ही अडचण ओळखणारा माणूस विल्यम अॅल्फर्ड लॉइड. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेल्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदात साठवले आणि ते पंपाने सतत फिरते ठेवले. प्रेक्षकाला दिसणारी टाकी आणि माशाला प्रत्यक्ष मिळणारे पाणी या दोन वेगळ्या राशी आहेत, हे त्याने पुस्तकात सांगण्यापेक्षा बांधकामात सिद्ध केले. पुढच्या दीडशे वर्षांत झालेली बहुतेक सुधारणा या एका सूत्राचा विस्तार आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. नायट्रीकरणाचे, म्हणजे जिवाणूंनी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करण्याचे, विज्ञान सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडले, तेव्हा लॉइडचा हौद का चालत होता याचा खुलासा मागाहून झाला.

भारतात पहिले सार्वजनिक मत्स्यालय १९०९ मध्ये मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर उघडले. मराठी प्रेक्षकाच्या मनात मात्र ‘मत्स्यालय’ म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयच होते. तारापोरवाला या पारशी दानशूराच्या २ लाख रुपयांच्या देणगीमुळे त्यांचे नाव मिळालेली ही वास्तू १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुली झाली. भिंतीत बसवलेल्या टाक्या, समोर सपाट काच आणि काठाने सरकणारी रांग, ही तिची रचना त्या काळाला साजेशी होती. २०१५ च्या नूतनीकरणात तेथे १२ फूट लांबीचा अॅक्रिलिकचा बोगदा आला, म्हणजे काचेहून चिवट व वाकवता येणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकची कमान आली, आणि मासा प्रेक्षकाच्या डोक्यावरून जाऊ लागला. येथेही आकार बदलला तो साहित्याने. १९५१ च्या प्रेक्षकाला असा बोगदा पाहायला मिळाला नाही, याचे कारण तेव्हा माशाला त्याची गरज नव्हती असे नाही, तर तो बनवणे शक्य नव्हते.

घरगुती टाकीचा इतिहास याहूनही स्पष्टपणे हेच सांगतो. जुन्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काच बसवून आणि फटींत पुटी भरून तयार होत. चौकट गंजे, पुटी सुके आणि टाकी एका कोपऱ्यातून पाझरू लागे. सिलिकॉन हा रबरासारखा लवचिक चिकट पदार्थ जगभर १९६० नंतर प्रचारात आला, तेव्हा चौकट नाहीशी होऊन काचेला काच चिकटवता आली. तरीही माप फुटातच राहिले, दोन फुटी, तीन फुटी, चार फुटी, आणि ते लांबीचेच माप होते, रुंदीचे नव्हे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर सुमारे २५५ लिटर पाणी मावते. सहा फूट, दोन फूट, दोन फूट अशा टाकीत ते सुमारे ६८० लिटर होते, म्हणजे काच आणि वाळू वगळून नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो. तेव्हा मोठी टाकी घेताना आधी प्रश्न विचारावा लागतो तो घराच्या जमिनीला. काचेवरचा दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर अवलंबून नसून खोलीवर असतो, आणि खोली दुप्पट केल्यास भिंतीवरील एकूण रेटा चौपट होतो. उथळ पण रुंद टाकी कारागिराला स्वस्त पडते आणि बहुतेक मोठ्या माशांनाही तीच मानवते. तरी दुकानात उंच आणि अरुंद टाकी अधिक खपते, कारण ती भिंतीला लागून बसते.

यातूनच ठोकताळे जन्मले. हवेचे पंप घरोघरी येण्यापूर्वी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हा निकष होता, कारण प्राणवायू तेथूनच पाण्यात विरघळतो. पुढे ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा सोपा नियम पाश्चात्त्य पुस्तकांतून इकडे आला आणि लहान माशांपुरता चाललाही. त्याचा दोष गणिताचा आहे. लांबी सहा पट झाली की माशाचे वजन सहा पट होत नाही, २१६ पट होते. दुकानात ५ सेंटिमीटरचा असणारा ऑस्कर हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मासा पूर्ण वाढल्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. नियमाप्रमाणे त्याला सहा पट पाणी पुरायला हवे, पण खाद्य आणि विष्ठा यांचा भार त्यापेक्षा कितीतरी अधिक वाढलेला असतो. शिवाय २० अंश तापमानाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात. थंड देशातले कोष्टक वैनगंगेच्या खोऱ्यातील मे महिन्यात जसेच्या तसे लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

तुलनेसाठी मत्स्यशेतीचे गणित पाहण्यासारखे आहे. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे संप्रेरक टोचून बंद पाण्यात अंडी घालवून घेण्याची क्रिया, यशस्वी केल्यानंतर मत्स्यबीज नदीतून गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी झाले आणि तळ्यात किती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावीत हा हिशेबाचा विषय बनला. मिश्र कार्प शेतीत हेक्टरी ५,००० च्या आसपास बोटुकली सोडण्याची रीत आहे. पाणी दीड ते दोन मीटर खोल धरल्यास किलोभर वजनाला पोचणाऱ्या एका रोहूच्या वाट्याला ३,००० ते ४,००० लिटर पाणी येते. ही नफ्यासाठी केलेली दाटी आहे, ऐषआराम नव्हे. तरीही एका रोहूच्या वाट्याचे हे पाणी चार फुटी टाकीतील पाण्याच्या बारा ते सोळा पट भरते, हा आकडा हौशी मंडळींच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

केवळ लिटरने मात्र प्रश्न सुटत नाही. अरोवाना हा पृष्ठभागाजवळ पोहणारा, उडी मारणारा लांबट मासा आहे. त्याच्या आशियाई जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५ पासून अत्यंत निर्बंधित असल्याने तिची किंमत आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढली. साठ सेंटिमीटरचा अरोवाना दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर, रुंदीच्या टाकीत पाठ वाकवल्याशिवाय वळू शकत नाही, मग ती टाकी दहा फूट लांब का असेना. अनुभवी पाळणारे म्हणूनच रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीइतकी तरी असावी असे सांगतात. अरापायमा हा दोन मीटरहून मोठा होणारा मासा तर हवेतून श्वास घेतो, त्यामुळे प्राणवायूच्या प्रत्येक हिशेबात तो उत्तीर्ण होतो आणि तरीही घरच्या कोणत्याही टाकीत मावत नाही.

टाकीचे माप अचूक ठाऊक असण्याची सर्वांत निकडीची गरज औषधाच्या वेळी येते, आणि येथे विषय पुन्हा मलाजखंडच्या धातूकडे वळतो. १९८२ पासून हिंदुस्तान कॉपरच्या खाणीतून तेथे निघणारे तांबे माशांच्या दुनियेत औषधही आहे आणि विषही. खाऱ्या पाण्यातील माशांवर होणाऱ्या परजीवी रोगांवर मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, वापरतात. त्यासाठी पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे राहावे लागते. याहून कमी असल्यास परजीवी मरत नाही, बरेच जास्त झाल्यास मासा मरतो. वरच्या हिशेबातील २५५ लिटर पाण्यासाठी ५१ मिलिग्रॅम तांबे, अर्थात सुमारे २०० मिलिग्रॅम मोरचूद, ही वरची मर्यादा झाली. परंतु दगड, वाळू आणि रिकामा काठ वजा जाता टाकीत प्रत्यक्षात २०० लिटरच पाणी असेल, तर तीच मात्रा सव्वा पटीने तीव्र होते. गोड्या, मृदू पाण्यात तांब्याची विषबाधा अधिक तीव्र असल्याने तेथे तर चुकीला जागाच उरत नाही. बाहेरून फुटपट्टी लावून काढलेले माप आणि माशाचे माप यांतला फरक येथे मिलिग्रॅममध्ये मोजावा लागतो.

या सर्व काळात एक समजूत मात्र दुकानांतून अबाधित राहिली: मासा टाकीएवढाच वाढतो. वाढ खुंटते हे खरे. ती खुंटते ती साचलेल्या विष्ठेमुळे आणि निकृष्ट पाण्यामुळे, आणि खुंटलेला मासा लहान जातीचा होत नाही, तो आजारी मोठ्या जातीचा मासा असतो. जो खुंटत नाही तो टाकी सोडतो. मूळचा उत्तर अमेरिकेतील अॅलिगेटर गार हा मासा भोपाळच्या मोठ्या तलावात २०२३ मध्ये सापडला, आणि टाकीची काच साफ करण्यासाठी विकला जाणारा सकर मासा उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडू लागला. दोघांचाही प्रवास दुकानातील बोटभर पिलापासून सुरू होतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये मत्स्यालय-दुकानांसाठी नियम काढून १५८ जातींच्या विक्रीवर बंदी घातली, परंतु व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. आज ज्यांना मोठे मासे खरोखर पाळायचे असतात, ते काच सोडून अंगणात विटा-सिमेंटचा रुंद हौद बांधतात, त्यावर जाळी टाकतात आणि शेजारी गाळणीसाठी दुसरा हौद खोदतात; मासा तेथे बाजूने नव्हे, वरून दिसतो.