माळा आणि मचाण : बांधणारा, बसणारा आणि लाकूड

गेल्या वर्षी शिराळा तालुक्यातील एका गावी शेतीविषयक शब्दांची टिपणे घेत असता एका घरात बापलेकांचा वाद कानी पडला. भुईमुगाच्या रानात रात्री डुकरे येत होती आणि जागलीसाठी उंच आसन हवे होते. मुलाच्या मनात तालुक्याच्या ठिकाणाहून लोखंडी कोनांचा तयार सांगाडा विकत आणावयाचा होता. वडिलांना ते पटेना. ‘माळा कुणी इकत आणतंय व्हय?’ असा त्यांचा सवाल. त्यावर मुलगा शांतपणे म्हणाला, ‘आबा, मग मेढी कुठनं आणायच्या?’

टिपणवहीत त्या दिवशी ‘माळा’ आणि ‘मेढ’ एवढे दोनच शब्द उतरले. परंतु विचार करता असे दिसून आले की, या दोन प्रश्नांत सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या रानांचा बराचसा इतिहास सामावला आहे. बांधावे की विकत घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता काटकसरीचा वाटतो. प्रत्यक्षात लाकूड कोणाचे, हात कोणाचे आणि वर बसणार कोण, या तीन गोष्टींवर त्याचे उत्तर प्रत्येक काळी अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात या तीन गोष्टींचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृत ‘मञ्च’ या शब्दापासून मराठीत माच, माचा, माची असे शब्द आले. अनुनासिक लोपून मागील स्वर दीर्घ होणे हे येथील नेहमीचे वळण होय. माचा म्हणजे लहान बाज. माची म्हणजे एका अर्थी बसावयाची चौपाई आणि दुसऱ्या अर्थी किल्ल्याच्या बालेकिल्ल्याखाली पसरलेली सपाटी. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. बाजेपासून गडाच्या सपाटीपर्यंत एकच कल्पना या शब्दांतून वाहते : भोवतालापेक्षा उंच, बसण्याजोगी व पाहण्याजोगी जागा.

‘मचाण’ हा शब्द याच कुळातला. हिंदीतील ‘मचान’शी त्याचे नाते उघड आहे, आणि मराठीत तो मुख्यत्वे शिकारीच्या संदर्भात वावरतो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र आजही ‘माळा’च आहे. घरातला पोटमाळा, मुंबईच्या चाळीतला दुसरा माळा आणि शेतातला राखणीचा माळा हे तिन्ही एकाच शब्दाचे विस्तार होत. उंच आसन एकच असले तरी राखणदाराचे ते माळा आणि शिकाऱ्याचे ते मचाण, अशी भाषेने वाटणी केलेली दिसते. ही वाटणी निरर्थक नाही. माळा बांधणारा आणि त्यावर बसणारा बहुधा एकच असतो. मचाण बांधणारा एक आणि बसणारा दुसरा असतो.

२

पिकाची राखण ही आपल्या वाङ्मयातील फार जुनी गोष्ट आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील आद्य संग्रहात, शेत राखणाऱ्या स्त्रीपुरुषांची चित्रे वारंवार येतात. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात साळी राखणाऱ्या स्त्रिया वर्णिल्या आहेत. त्या उसाच्या सावलीत बसल्या आहेत. तेथे मंचाचा उल्लेख नाही. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, राखण ही मूळ गोष्ट आणि उंच आसन हे तिचे साधन होय.

या साधनाची घडण साधी आहे. दुबेळक्याच्या चार मेढी जमिनीत रोवावयाच्या, बेळक्यांत आडवे वासे बसवावयाचे, वर बांबूच्या कांबी अंथरून त्यांवर कडबा टाकावयाचा आणि शेजारी एक शिडी उभी करावयाची. बांधणीला काथ्या, घायपाताचा वाख किंवा पळसाच्या मुळांचा दोर. खिळा लागत नाही. ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरांवर गोफण चालते, रात्री डुकरांसाठी जागल. मळणी आटोपली की माळा उतरतो आणि त्याचे वासे गोठ्याला किंवा कुंपणाला लागतात. थोडक्यात, माळा ही मालमत्ता नाही, ते हंगामाचे काम आहे. आबांना तो ‘विकत आणणे’ विचित्र वाटले याचे कारण हेच. हुरड्याची आगटी जशी कोणी विकत आणीत नाही, तसाच माळा.

तथापि, मेढी कोठून येत? बांधावरच्या बाभळीच्या आणि गावालगतच्या रानाच्या. येथे लाकडाचा प्रश्न उभा राहतो, आणि तोही नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५–१६ च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी स्पष्ट सूचना आहेत. स्वराज्यातील सागवानही परवानगीनेच तोडावे, कमी पडेल ते बाहेरून खरेदी करावे. आंबा, फणस यांसारख्या झाडांना मात्र हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती जिवापाड वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेले असल्यास धन्याला राजी करून व मोबदला देऊनच घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. राज्याच्या गरजेपुढेही झाडाचा धनी मानावा आणि लाकूड फुकटचे समजू नये, हे तत्त्व तेथे मांडले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा उतारा महत्त्वाचा आहे. ‘स्वतः बांधणे’ म्हणजे ‘बिनखर्चाचे’ नव्हे, हे त्यात गृहीत आहे.

३

मचाणाची कथा वेगळी आहे. मृगया हा राजविनोद मानला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सुमारे ११२९–३१) मृगयेचे तपशीलवार विवेचन आहे. कऱ्हाड–कोल्हापूरकडील शिलाहार हे या चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हा आपला प्रदेश त्या दरबारी संस्कृतीच्या परिघातच होता. राजा मृगयेला निघाला की रान उठविणारे, माग काढणारे, आमिष बांधणारे आणि ओझी वाहणारे लोक लागत. ते कोठून येत याचे उत्तर आणखी एका शब्दात आहे. संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे सक्तीचे विनामूल्य काम. त्याचेच प्राकृतातून आलेले मराठी रूप म्हणजे ‘वेठ’. ‘मञ्च’ आणि ‘विष्टि’ हे दोन्ही शब्द सारखेच जुने असून दोन्ही मराठीत जिवंत राहिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. त्यापूर्वीच, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण झाले होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ पर्यंत टिकली. शिकार हा अधिकारी आणि संस्थानिक या दोन्ही वर्गांचा मानाचा छंद होता. तिची रीत अशी : वाघ किंवा बिबळ्याने जनावर मारले की माग काढणारा वर्दी देई; त्याच दुपारी चार-सहा माणसे जवळच्या झाडावर, साधारण दहा-पंधरा फुटांवर, बाज बांधीत; भोवती त्याच जातीच्या झाडाचा पाला लावीत, कारण परका पाला डोळ्यांत भरतो; आणि सूर्यास्तापूर्वी शिकाऱ्याला वर चढवून बोलत बोलत निघून जात, म्हणजे सगळी माणसे गेली असे जनावराला वाटावे. पुढे साहेब लोक नवारीने विणलेले घडीचे मचाणही बरोबर बाळगू लागले. कारण सोईचे होते : कुऱ्हाडीचा आवाज कमी आणि वेळही कमी. म्हणजे शिकारीपुरता पाहिल्यास ‘बांधावे की तयार आणावे’ हा प्रश्न तेव्हाच उद्भवला होता. परंतु बाज बांधलेली असो वा मचाण घडीचे असो, ते झाडावर चढविणारे हात गावचेच राहिले. विकत घेतलेल्या वस्तूने वेठ संपली नाही. ती कायद्याने आणि लढ्याने संपवावी लागली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक दुरुस्ती विधेयक आणले. आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. मचाणाच्या इतिहासात या तीन सालांना स्थान असले पाहिजे. एरवी तो इतिहास फक्त वर बसणाऱ्याचा होतो.

४

याच काळात माळ्याखालची जमीनही बदलत होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वने ठरली, आणि १९२७ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. राखीव वनात परवानगीवाचून वासा तोडणे हा अपराध झाला. कोयना–वारणेच्या खोऱ्यांत जेथे डुकरांचा आणि गव्यांचा उपद्रव सर्वांत अधिक, तेथेच मेढी सर्वांत दुर्मिळ झाल्या. १९२७ च्या कायद्याने तर ‘झाड’ या संज्ञेत बांबूचाही समावेश केला होता. आबांचा माळा ‘विकतचा’ होण्याची सुरुवात लोखंडी सांगाड्यापासून झालेली नाही. ज्या दिवशी रानातली मेढ गुन्हा ठरली आणि वखारीतला वासा कायदेशीर ठरला, त्या दिवशीच ती झाली.

मचाणाचेही दिवस पालटले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९५८ मध्ये राधानगरी–दाजीपूरचे अभयारण्य झाले. आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्यानंतर छंदाची शिकार संपली. पिकाचा नाश करणाऱ्या जनावरालाही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. १९८५ मध्ये कोयना, चांदोली व सागरेश्वर ही अभयारण्ये झाली. त्यांपैकी सागरेश्वर हे धों. म. मोहिते यांच्या खटपटीने उघड्या डोंगरावर उभे राहिलेले मानवनिर्मित अभयारण्य होय. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मचाण मात्र राहिले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा महाराष्ट्राच्या वनांत रूढ झाली. शास्त्रीय गणनेचे काम आता स्वयंचलित कॅमेऱ्यांकडे गेले असले, तरी ती रात्र निसर्गानुभव म्हणून टिकून आहे. बंदूक गेली आणि डोळे उरले. माणदेशाच्या व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात शिकारीची ओढ आणि प्राणिनिरीक्षणाची ओढ ही दोन्ही आढळतात. मचाणाने जे स्थित्यंतर अनुभवले, त्याचा एक आलेख एका लेखकाच्या आयुष्यातही दिसावा हे लक्षणीय आहे.

याच वळणावर भाषेत तिसरा शब्द शिरला : ‘निरीक्षण मनोरा’. मनोरा हा मूळ अरबीतून आलेला. माळा बांधला जातो, मचाण बांधवून घेतले जाते, आणि मनोरा निविदा काढून उभारला जातो. जर्मनीत शिकारीच्या अशा आसनास ‘होखझिट्झ’, म्हणजे उंच आसन, म्हणतात आणि त्याच्या बंदिस्त प्रकारास ‘कान्त्सेल’, म्हणजे चर्चमधील प्रवचनपीठ. तेथे शिकारीचा हक्क जमिनीशी जोडलेला असल्याने ती आसने वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहतात. कायम हक्क तेथे कायम आसन. आपल्याकडील शेतकऱ्याचा हक्क हंगामी पिकावर, म्हणून माळाही हंगामी.

५

तर मग बापलेकांपैकी कोणाचे खरे? ज्या काळी रान खुले होते त्या काळापुरते आबांचे, आणि ते बंद झाल्यानंतरच्या काळापुरते मुलाचे. परंतु गोष्ट येथे संपत नाही. २०१७ मध्ये १९२७ च्या वन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘झाड’ या संज्ञेतून बांबू वगळण्यात आला. वनक्षेत्राबाहेर, स्वतःच्या बांधावर वाढविलेला बांबू आता तोडीच्या परवान्यावाचून तोडता येतो. नव्वद वर्षांनी मुलाच्या प्रश्नाला कायद्याने अंशतः उत्तर दिले आहे. मेढी बांधावरून आणावयाच्या. मात्र त्यासाठी बांधावर बांबूचे बेट आधी लावावे लागेल, आणि ते तयार होईपर्यंत काही वर्षे लोखंडी सांगाड्यावर काढावी लागतील.

व्यवहाराच्या दृष्टीने एवढे म्हणता येईल. जेथे आसन वर्षभर एकाच पाणवठ्यावर हवे आणि त्यावर अनेकांनी बसावयाचे आहे, तेथे लोखंडी मनोरा विकत घेणे योग्य. जिवंत झाडाला दरवर्षी दोर व खिळे लावण्यापेक्षा ते बरे. जेथे दोन महिन्यांची जागल आहे आणि पीक बदलले की जागा बदलावयाची आहे, तेथे बांधलेला माळाच सोयीचा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने निवाड्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : लाकूड कोणाचे, हात कोणाचे, बसणार कोण? तिन्हींचे उत्तर एकच येते तेथे तो माळा होय.

त्या घरी या पावसाळ्यात पुन्हा जाणे झाले. भुईमुगाच्या रानात लोखंडी सांगाडा उभा होता. त्यावर कडब्याचे छप्पर आबांनी घातले होते, वाखाच्या दोराने बांधून. बांधाच्या कोपऱ्यात बांबूची चार रोपे लावलेली होती. ती कोणी लावली हे विचारले नाही.